एकेचाळीस वह्यांतली भेग

मित्रांनो, मी नववीच्या वर्गातला एक जुना फळा आहे, आणि माझ्यावर दिसतं ते सगळंच खरं नसतं, हे आधीच सांगून टाकतो.

सव्वीस वर्षांपूर्वी दोन सुतारांनी मला या भिंतीवर ठोकलं. तेव्हा माझ्या रंगाला अशी चकाकी होती, की पहिल्या बाकावरच्या मुली माझ्यात बघून वेण्या नीट करायच्या. मग एकदा बाक हलवताना त्याचा कोपरा माझ्या उजव्या अंगाला लागला आणि खालून वर तिरकी भेग पडली. कितीही रंगवा, तिच्यात खडूची भुकटी बसतेच आणि ती पांढरी दिसते. मला तिचं कधी काही वाटलं नव्हतं.

माझं काम सोपं. मोठ्यांनी लिहायचं, मुलांनी उतरवून घ्यायचं. पाहुणे यायचे, म्हणायचे, "फळा काय सुरेख भरलाय." मी फुगून जायचो. मुलांच्या चेहऱ्याकडे कोणी बघत नसे. मीही नाही.

यंदा भूमितीच्या बाईंनी माझ्या उजव्या बाजूला एक त्रिकोण काढला. दुसऱ्या दिवशी वह्या तपासायला घेतल्या आणि त्या मटकन खुर्चीत बसल्या. एकेचाळीस वह्या, एकेचाळीस त्रिकोण, आणि प्रत्येकातून एक तिरकी रेघ गेलेली. एकाने तर तिला नावही दिलं होतं, रेख पीक्यू.

"ही रेघ कसली?" बाईंनी विचारलं.

"फळ्यावर होती, बाई."

"ती भेग आहे. कोणालाच शंका आली नाही?"

मागच्या बाकावरचा उंच मुलगा म्हणाला, "आली होती, पण तिला एक मार्क असला तर?"

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्या तिसऱ्या बाकावरच्या मुलीकडे बघत होत्या. पाचवीत म्हणे ती इतकं विचारायची, की सगळे तिला प्रश्नपत्रिका म्हणू लागले. नववीपर्यंत नाव उरलं, प्रश्न गेले.

"तुलासुद्धा?"

"मला वाटलं होतं, बाई. पण सगळेच काढत होते."

मला भिंतीत गडप व्हावंसं वाटलं.

त्या दिवसापासून बाईंनी माझ्यावर उत्तर लिहिणं बंद केलं. काय दिलंय, काय हवंय, कुठे अडलं, हे आधी ज्याने त्याने वहीत लिहायचं. शेजाऱ्याला 'उत्तर काय' विचारायचं नाही, 'सुरुवात कशी केलीस' विचारायचं. पहिल्या आठवड्यात उंच मुलाने लिहिलं, 'काय दिलंय: गणित. काय हवंय: उत्तर. कुठे अडलं: सुरुवातीलाच.' बाईंनी खाली लिहिलं, 'तिसरं खरं आहे. पुढे चल.'

पण घरोघरी बोभाटा झाला. शिकवतच नाहीत, फळा कोरा असतो. मुख्याध्यापक रिकाम्या वर्गात येऊन म्हणाले, "चाचणीत निम्मी मुलं तरी पास व्हायला हवीत, बाई. नाहीतर वर्ग दुसऱ्या सरांकडे देतो. ते फळा भरून देतात, पालक खूश असतात."

"दोन महिने द्या, सर."

"तीन आठवडे."

ते तीन आठवडे मी कसे काढले, माझं मला ठाऊक. मुलं माझ्याकडे टक लावून बसायची, जणू मी पान्हा चोरून बसलोय. बाई रोज खडू उचलायच्या, माझ्यापर्यंत यायच्या आणि परत ठेवायच्या. लिहा हो बाई, एकदाच लिहा, नाहीतर तुम्हाला इथून काढतील, असं मला ओरडावंसं वाटायचं. आणि लिहिलंत तर ही मुलं गेली, असंही. फळ्याला तोंड नसतं, हे किती वाईट आहे ते मला तेव्हा कळलं.

सतरा मुलं पास झाली. चार कमी पडली.

या वर्गातल्या आपल्या शेवटच्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई आपलं कपाट रिकामं करत होत्या. प्रश्नपत्रिका वही घेऊन दारात उभी राहिली.

"बाई, चाचणीतलं हे सुटलं नव्हतं. उद्यापासून सर सगळं लिहूनच देणार. त्याआधी मला हे करायचंय."

"दाखव."

"उत्तर सांगू नका. कुठे चुकलंय तेही नको. चुकलंय का, एवढंच सांगा."

बाईंनी बघितलं. "चुकलंय."

"बरं," म्हणत तिने खडू घेतला आणि माझ्यावर त्रिकोण काढला. पुसला. पुन्हा काढला. बाईंचे ओठ दोनदा हलले. एका शब्दात सुटण्यासारखं होतं, आणि त्यांच्याकडे उद्या नव्हता. त्यांनी दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले.

शिपाईकाका कुलूप घेऊन आले. "बाई, फळा पुसून घेऊ का?"

"थांबा ना काका," प्रश्नपत्रिकाच मागे न बघता म्हणाली. "अजून चुकतंय."

काका बाकावर टेकले.

मित्रांनो, उद्या सर येतील आणि मला काठोकाठ भरतील. मी त्यांना अडवू शकत नाही. मला नवा रंग दिला नाहीत, पुसलं नाहीत, तरी चालेल. पण मला हात नाहीत, तुम्हाला दोन आहेत. एक उतरवून घेण्यात अडकला असला, तरी दुसरा वर करता येतो.