साहेबांचा कोट

टेलरने साहेबांच्या कोटाची बटणं पुन्हा एकदा सोडली आणि तो बाजूला सरकला. साहेब म्हणजे दुकानातला पुतळा. त्याला डोकं नव्हतं, म्हणून टेलरच्या बायकोने हे नाव ठेवलं होतं आणि गिऱ्हाइकंसुद्धा त्यावर हसायची. बिट्टीने जीभ ओठांच्या कोपऱ्यात धरली, सगळ्यात खालचं बटण चिमटीत पकडलं, काजाच्या तोंडाशी नेलं आणि अंगठ्याने आत ढकललं. मग त्याच्या वरचं. मग आणखी वरचं. गळ्याजवळचं लागल्यावर तिने कोटाची पुढची बाजू दोन्ही हातांनी ओढून सारखी केली, बाप गिऱ्हाइकाची करतो तशीच, आणि विचारलं,

"साहेब, बरोबर?"

"साहेब एकदम खूश," टेलर म्हणाला. मग तो उगाचच कात्री शोधू लागला.

बिट्टी नऊ वर्षांची होती. हिला पुष्कळ काही येईल, पण उशिरा येईल, असं डॉक्टरांनी ती पाळण्यात असतानाच सांगितलं होतं. आईने त्यातला 'येईल' तेवढा शब्द धरून ठेवला आणि कंबर कसली. धुतलेले मोजे आले की जोड्या बिट्टीने लावायच्या. जेवायच्या आधी चमचे तिने मांडायचे, पेल्यात पाणी तिने ओतायचं. सुरुवातीला निम्मं पाणी जमिनीवर जायचं आणि आई फडकं तिच्याच हातात द्यायची. बापाचा जीव मात्र पहिल्यापासून हळवा. पोरीला त्रास नको म्हणून त्याने तिच्या एकाही कपड्याला कधी बटण लावलं नाही, सगळीकडे इलॅस्टिक. आणि घोडं नेमकं तिथेच अडलं. तिच्यासारख्या मुलांच्या शाळेत सकाळच्या वर्गाला खेळायला बाहेर नेत, थंडी कडक, मदतीला माणसं मोजकी. ज्याला आपला कोट घालता येतो त्यालाच त्या वर्गात जागा. गेल्या वर्षी बिट्टी हात पसरून नुसती उभी राहिली होती आणि दोघं नवराबायको मान खाली घालून घरी आले होते.

त्यानंतर टेलर हट्टालाच पेटला. दुकान बंद करण्याआधी रोज साहेबांचा कोट उघडायचा आणि बिट्टीने लावायचा. शाळेसाठी त्याने तिचा नवा कोट स्वतः शिवला, मोठी बटणं, ऐसपैस काजं, आत मऊ अस्तर. पण नवा कपडा ठरल्या दिवसाआधी अंगाला लागू द्यायचा नाही, ही दुकानाची शिस्त. कोट इस्त्री होऊन खुंटीवर टांगलेला राहिला.

"अहो, एकदा तिच्या अंगावर घालून तर बघा," बायको म्हणाली होती.

"बटण ते बटण," टेलर म्हणाला. "साहेबांचं लागलं म्हणजे हिचंही लागणार."

शाळेत पुन्हा चाचणी होती त्या सकाळी दुकानात तातडीच्या कामाचं गिऱ्हाईक आलं, म्हणून बायको थांबली आणि टेलर एकटाच पोरीला घेऊन निघाला. इतकी घाई झाली की स्वतःचा कोट त्याने रस्त्यात, चालता चालताच घातला.

शाळेच्या खोलीत खुर्च्या बुटक्या होत्या, भिंतीवरच्या खुंट्या मुलांच्या हाताला येतील अशा. बाई बिट्टीच्या उंचीला आल्या, जमिनीवरच बसल्या. बिट्टीने जगमधलं पाणी पेल्यात ओतलं, एक थेंब सांडला नाही. मोज्यांच्या जोड्या लावल्या आणि एकटा उरलेला मोजा बाईंच्या हातात देऊन 'हरवला' म्हणून सांगितलं. बाई हसल्या. टेलरचा ऊर भरून आला. बायको इथे हवी होती, असं त्याला वाटलं.

मग कोट. बाह्या नीट चढल्या. बिट्टीने खाली पाहिलं, हनुवटी छातीला टेकली, आणि ती गोंधळली. तिचे हात पुढे गेले, समोर कुणी उभं असावं तसे, आणि रिकाम्या हवेत काज शोधू लागले. पुन्हा अंगाशी आले, बटण चुकीच्या हाताने धरलं, ते सुटलं. पुन्हा पुढे गेले.

टेलरच्या आत्ता लक्षात आलं. पोरगी चुकत नव्हती. वर्षभर तिने बटणं लावली ती समोरच्याची. स्वतःच्या अंगावर डावं उजवीकडे जातं, गळ्याजवळचं नजरेआड होतं, हे कपड्यात जन्म घालवलेल्या माणसाला सुचलं नव्हतं. चूक त्याची होती आणि जागा जाणार होती तिची.

बाईंनी बराच वेळ वाट पाहिली. मग हळूच म्हणाल्या, "राहू दे बाळा."

बिट्टीने हात खाली सोडले. रडली नाही. तिने खोलीभर पाहिलं आणि तिची नजर बापावर येऊन थांबली. त्याच्या कोटाचं एक टोक वर, दुसरं खाली. घाईत त्याने सगळी बटणं एक काज चुकवून लावली होती. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. सगळी बटणं काढली. जीभ ओठांच्या कोपऱ्यात धरली आणि खालून सुरुवात केली. मग वरचं, मग आणखी वरचं. शेवटी कोट ओढून सारखा केला.

"साहेब, बरोबर?"

टेलरने नुसती मान हलवली. बाईंनी विचारलं, घरी कशावर शिकवता? त्याने कसंबसं पुतळ्याचं सांगितलं. त्या हसल्या, पण त्याला हसल्या नाहीत.

"म्हणजे तिला येतंय की. इतके दिवस तिला समोर पाहायची सवय लावलीत. आता तिच्या मागे उभं राहून, हात धरून शिकवा."

"आणि जागा?"

"सोमवारी घेऊन या. तिच्या कोटाची बटणं थोडे दिवस मी लावीन. बाकीच्यांच्या कोटांना ती मला मदत करेल."

घरी आल्यावर टेलरने बायकोला सगळं सांगितलं, स्वतःची चूकसुद्धा. मी म्हटलं नव्हतं का, हे ती म्हणाली नाही. तिने तोंड फिरवलं आणि पदराने डोळे पुसले. बिट्टीने चमचे मांडले, पेल्यात पाणी ओतलं. चुलीमुळे खोली चांगलीच तापली होती आणि टेलरच्या कपाळावरून घाम निथळत होता.

"अहो, आता तरी काढा तो कोट. जेवायला बसायचंय."

"असू दे," टेलर म्हणाला आणि कोटातच जेवायला बसला.