यंदा त्यांचा नंबर

बर्फ पडायच्या आधी आम्ही नवराबायको स्कीच्या सामानातली एकच वस्तू घ्यायचो, एका वर्षी त्यांची, पुढच्या वर्षी माझी. चाळीस वर्षांत हा क्रम मोडला नाही. यंदा त्यांचा नंबर होता, पण ते उन्हाळ्यातच गेले.

लेक मला दुकानात घेऊन गेली. “आई, तुझ्या स्कीच्या बुटांचे पार बारा वाजलेत. बूटच घे.”

ओळखीचा दुकानदार म्हणाला, “काकू, काकांनी गेल्या वर्षीच हे हातमोजे मागवायला सांगितले होते.”

मी ते चढवले. बोटांची टोकं रिकामी राहिली. रडू आलं नाही, काहीच वाटलं नाही.

“अगं, बाबांचा पंजा म्हणजे फावडं! तुला कसे बसतील?”

“आत लोकरीचे घालीन,” मी म्हटलं. “बूट पुढच्या वर्षी. तेव्हा माझा नंबर.”