शेवटच्या फळीवरची लाल चिंधी

माघातली संध्याकाळ देवळालीच्या जुन्या बंगल्यांवर केशरी पावलांनी उतरते. आधी ती पांगाऱ्याच्या निष्पर्ण, रक्तपुष्पी फांद्यांवर टेकते, मग कौलांवरून घसरते, आणि शेवटी कुंपणांच्या पट्ट्यांतून गाळल्यासारखी रस्त्यावर सांडते. छायेची एक पट्टी, प्रकाशाची एक पट्टी. छायेची एक, प्रकाशाची एक. जणू दिवसानं जाता जाता केस विंचरले आणि फणी तिथंच विसरला.

वृद्ध आहेत ते बंगले. गुडघ्यांवर हात टेकून उतारावर बसलेल्या आजोबांसारखे. प्रत्येकाच्या पाठीशी एक लाकडी सज्जा, दारणेच्या खोऱ्याकडे तोंड केलेला. उन्हानं तडकलेला, वाळवीनं हळूहळू चाखलेला, तरीही रोज सायंकाळी नदीवरून येणाऱ्या वाऱ्याची वाट पाहणारा.

त्या सज्ज्यांची आणि कुंपणांची वैद्यीण म्हणजे सुगंधा पांचाळ. पन्नाशीची, सावळी, भुवयांवर कायम भुशाची पराग-धूळ. सुतारकी तिला कुणी शिकवली नाही. नवऱ्याला चहा नेऊन देता देता ती बघत राहिली, आणि बघता बघता हात शिकले. दामू एका छपरावरून पडला, कमरेतून मोडला आणि खाटेवर आला, तेव्हा तिनं त्याचा हातोडा उचलला. लोक आधी हसले. मग त्यांची फाटकं करकरायची थांबली, तसे तेही थांबले.

पडलेलं माणूस म्हणजे काय, हे तिला ठाऊक होतं. खाटेच्या सुंभाला पडलेला खोलगट आकार रोज नजरेसमोर होता.

त्या सायंकाळी ती चुलीपुढे बसून मेथी निवडत होती. बाहेर पांगाऱ्याची फुलं एकेक गळत होती, टप, टप, ओल्या शाईच्या थेंबांसारखी. दामूनं रोजचा प्रश्न विचारला, देवापुढे हात जोडावेत इतक्या सवयीनं विचारला.

"चिंधी बांधलीस ना गं?"

"बांधली."

पांचाळांच्या घरची ती रीत होती. सज्जा असो की कुंपण, पहिला खिळा सुताराचा, शेवटची फळी घरधनिणीची. ती फळी तासून, भोकं पाडून, जागेवर नुसती टेकवून ठेवायची. खिळ्यांना हळदकुंकू लावून ते वाटीत घालून देवघरात ठेवायचे. आणि घरची लक्ष्मी सवडीनं आली की तिच्या हातून ठोकून घ्यायचे. तोवर फळी मोकळी. आणि मोकळ्या फळीवर कुणाचा पाय पडू नये म्हणून तिला लाल चिंधी बांधायची, दुरूनही दिसेल अशी लालभडक.

आज मुजुमदारांच्या बंगल्याचा सज्जा पुरा झाला होता. सरूताई बहिणीच्या नातवाच्या मुंजीला नाशकात गेल्या होत्या, उद्या यायच्या होत्या. शेवटची फळी, अगदी कडेची, जिथून उतारावर जायच्या पायऱ्या सुरू होतात तिथली, सुगंधानं टेकवून ठेवली होती. तिचं एक टोक तुळईवर आणि दुसरं अधांतरी. पाय पडला तर तराजूच्या पारड्यासारखी खाली जाणारी. खाली दगड, करवंदीची जाळी, मग उतार, मग नदी.

पण चिंधी बांधली होती. घट्ट बांधली होती. दुहेरी गाठीची, लालभडक.

मेथीची काडी तिच्या बोटांत थांबली.

घरात सरूताई नव्हत्या. पोळ्यावाली दुपारीच जाते. घरात होते एकटे अण्णासाहेब मुजुमदार, जन्मभर सरकारी नकाशांवर नद्यांच्या निळ्या रेषा काढलेले, आणि आता काचबिंदूनं डोळ्यांतल्या नद्या आटलेले.

चिंधी बांधली होती. लाल बांधली होती. आणि ती कुणाच्या डोळ्यांसाठी बांधली होती?

मेथी परातीतून सांडली. हिरवी पानं भुईवर पसरली आणि तिच्या पोटातून काहीतरी थंड, ओलं, विहिरीच्या तळाशी असतं तसलं, वर चढू लागलं. तोंडानं सांगितलं होतं का त्यांना? निघताना तिनं दारातून हाक दिली होती, येते म्हटलं होतं, सज्जा झाला म्हटलं होतं. हो, सज्जा झाला म्हटलं होतं. फळीचं सांगितलं होतं का? सांगितलं असं वाटत होतं. मनात नक्की म्हटलं होतं. पण मनात म्हटलेलं आणि तोंडानं म्हटलेलं, संध्याकाळच्या उजेडात दोन्ही सारखंच दिसतं.

तिनं दामूचा फोन घेऊन बंगल्यावर लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. वाजत राहिला, रिकाम्या घागरीत खडा फिरावा तसा. सायंकाळी अण्णा आत बसत नाहीत; सज्ज्यावर बसतात, वेताची खुर्ची टाकून, कडेला, पायऱ्यांपाशी, कारण दारणेचा वारा पहिल्यांदा तिथं येतो. हे साऱ्या वस्तीला ठाऊक होतं. तिला तर होतंच.

दामू खाटेच्या कडेला उठून बसला, एरवी त्याला जमत नसे तसा.

लूना सुरू झाली तेव्हा आभाळ पिकल्या डाळिंबासारखं फुटलं होतं. रस्ता लाल, कौलं लाल, पांगारे लाल. दोन्ही बाजूंनी तिनंच उभी केलेली कुंपणं मागं पळत होती, पट्टीमागून पट्टी, पट्टीमागून पट्टी, आणि प्रत्येक पट्टी तिला तेच विचारत होती. सांगितलंस का? सांगितलंस का? जिकडे बघावं तिकडे चिंध्याच चिंध्या लोंबत होत्या, आणि त्या दिसत होत्या फक्त तिला.

आणि रेल्वेचं फाटक बंद होतं.

जन्मभर दुसऱ्यांची फाटकं नीट उघडतील अशी करून दिली, आणि स्वतःसाठी मिटलं ते हे एकच. मालगाडी येत होती, बाळंतीण चालावी तशी, सावकाश, एकेक डबा जपून टाकत. फाटकवाल्यानं तिला ओळखलं, आज लूनावर करवत नाही वाटतं म्हणून थट्टा केली. ती हसली. नुसते ओठ हसले. डबे जात होते. काळे, बंद, अनंत. प्रत्येक दोन डब्यांमधल्या फटीतून पलीकडच्या सूर्याचा एक लाल तुकडा डोळ्यांत घुसे आणि मिटे, घुसे आणि मिटे, आणि तिला वाटे, प्रत्येक मिटण्याबरोबर तिकडे एक पाऊल पडतंय.

फाटक वर गेलं, तेव्हा सूर्य खोऱ्याच्या काठावर टेकला होता.

मुजुमदारांच्या बंगल्याशी तिनं लूना आडवीच टाकली. पुढचं दार उघडं. आत काळोखाची पहिली साय धरलेली. बैठक, मधली खोली, देवघर. देवघरात वाटी, वाटीत कुंकवानं माखलेले खिळे, बिनतक्रार वाट पाहत. आणि पलीकडे, मागच्या दाराच्या चौकटीत, जळत्या आभाळाच्या पुढ्यात एक काळी आकृती. ओणवी.

अण्णासाहेब उंबरठ्यावर गुडघे टेकून बसले होते. एक हात चौकटीला. दुसरा पुढे, नव्या कोऱ्या फळ्यांवर चाचपडत चाललेला, पांढरा, चुकलेल्या पाखरासारखा. आणि त्या हाताच्या पुढे, कडेच्या मोकळ्या फळीवर, लाल चिंधीच्या शेजारी, त्यांची काठी पडली होती.

ओरडलं तर दचकतील. दचकले तर पुढेच जातील. सुगंधानं घशातला आकांत गिळला, जसा सुतार तोंडातले खिळे दातांत धरतो, एकही न सांडता, आणि अगदी हळू, चहा घ्या म्हणावं तसं म्हणाली,

"अण्णा. तिथंच थांबा."

हात थांबला.

"कोण, सुगंधा? अगं, बरी आलीस. फोन वाजला, दोनदा वाजला. मला वाटलं सरूच. गडबडीनं उठलो नि काठी निसटली, गेली घरंगळत. आधी आतच शोधत बसलो."

फोन. तिचाच फोन. तिचे डोळे क्षणभर मिटले.

मग ती त्यांना वळसा घालून, खिळे ठोकलेल्या फळ्यांवरून, स्वतःच्या घामानं ओळखीच्या झालेल्या फळ्यांवरून, पुढे गेली. काठी उचलली. उचलताना मोकळी फळी किंचित हलली, झोपेत कूस बदलावी इतकीच, आणि खालून उताराचा गार श्वास तिच्या मनगटाला लागून गेला. काठी तिनं अण्णांच्या हातात दिली, आणि हात सोडलाच नाही.

"तुम्ही बाहेर बसला नव्हता? रोजच्यासारखे?"

"नव्या सज्ज्यावर?" अण्णा उंबरठ्यावर नीट टेकून बसले. "सरू नसताना? या घरात पहिल्यांदा आलो ते दोघं एकदम, माप ओलांडून. आता म्हातारपणी एकट्यानं पाऊल टाकलं तर बोलून बोलून जीव घेईल माझा. इथंच बसलो होतो. वारा काय, इथवरही येतो. जरा उशिरा येतो, इतकंच."

सुगंधा त्यांच्यापुढे फळ्यांवर बसली. तिच्या रीतीनं जो खड्डा खणला होता, त्याच्या काठावर त्यांच्या रीतीनं कुंपण घातलं होतं. न दिसणारं, एकाही खिळ्यावाचून उभं. असलं कुंपण तिला कधी बांधता आलं नसतं.

आणि मग तिनं सांगितलं. कडेची फळी मोकळी आहे, म्हणाली. तिच्यावर चिंधी बांधली होती, लाल, म्हणाली.

खोऱ्यात एक टिटवी ओरडत गेली. अण्णांचा हात काठीवर वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. मघाच्या त्या हातात आणि मोकळ्या फळीत दोन फळ्यांचं अंतर होतं, आणि ते आता त्यांनाही दिसलं होतं.

"मला लाल आठवतो गं," ते म्हणाले. "नकाशावर धोक्याच्या जागी आम्हीही तोच लावायचो. पण आता तू आपली मला हाक मारून सांगत जा."

"सांगेन, अण्णा."

फळी मात्र तशी रात्रभर ठेवायला तिचा जीव धजेना. रीत मोडायलाही हात धजेना. आणि त्यात हातोडा घरी राहिलेला. सुतारीण निघाली होती जीव मुठीत धरून. त्या मुठीत हातोडा मावला नव्हता. ती स्वयंपाकघरात गेली. ओट्यावर सरूताईंचा पितळी खलबत्ता होता, वेलदोड्याच्या वासाचा, वर्षानुवर्षांच्या कुटण्यानं सोन्यासारखा झालेला. तिनं बत्ता उचलला. देवघरातली वाटी घेतली.

घरधनीण नाही, तर तिच्या हातातली वस्तू तरी. देवाला इतकं चालत असावं.

अण्णांनी उंबरठ्याच्या आतून काठी लांबवली आणि फळीवर दाबून धरली. सुगंधानं चिंधी सोडली, मनगटाला गुंडाळली, आणि पहिला घाव घातला. पितळेचा नाद लाकडात उतरला, लाकडाचा तुळईत, तुळईचा दगडात, आणि दगडाचा बहुधा नदीत. ठण. प्रत्येक घावाला वेलदोड्याचा सूक्ष्म सुगंध उधळत होता. ठण. खिळे बुडत होते. ठण. तिच्या छातीतलं विहिरीचं पाणी तसं तसं उतरत होतं, पुरतं नाही, तळाशी जरा राहिलंच. ते राहावं, असं तिला वाटलं. तिनं फळीवर दोन्ही पाय ठेवले, सगळं वजन टाकलं, उडी मारली. फळी हलली नाही.

एक खिळा तिनं ठेवला. कठड्याच्या खांबाशी, जिथं कुणाचा पाय पडत नाही, त्या भोकाचा. तो कुंकवासकट वाटीत परत गेला, सरूताईंसाठी. अण्णा आत हसले. त्यांनी विचारलं, बत्ता वापरला हे तिला कोण सांगणार? सुगंधा म्हणाली, तुम्हीच सांगा, माझी आजची हिंमत संपली.

जाण्याआधी तिनं सज्ज्यावरचा दिवा लावला. न पाहणाऱ्या डोळ्यांसाठी नव्हे, उद्या येणाऱ्या पावलांसाठी. मग लूना उभी केली आणि हातानंच ढकलत निघाली; आता कसली घाई नव्हती. मनगटावरची चिंधी वाऱ्यात फडफडत होती. लाल होती, मग तपकिरी झाली, मग रंगच उरला नाही, नुसती फडफड उरली, ऐकू येणारी.

मागे वळून पाहिलं तेव्हा बंगला काळोखात बुडाला होता. त्याच्या पाठीशी, तिला इथून न दिसणाऱ्या उंबरठ्याच्या आत, एक म्हातारा वाऱ्याची वाट पाहत बसला होता. पुढे कोराकरकरीत सज्जा, घरच्यांचं पाऊल अजून न पडलेला. आणि कडेच्या फळीत एकच रिकामं भोक. त्यातून दिव्याचा एक धागा खाली उतरत होता, करवंदीवर, दगडावर, उतारावर, हळू, हळू, नदीकडे.