बाई चुकली!

"पाच, सहा, सात... नऊ!"

"बाई चुकली! बाई चुकली!"

अख्खी अंगणवाडी नाचायला लागली. ईशान तर सतरंजीवर लोळलाच. मी आत खिचडी ढवळत होते, तिथूनच ओरडले, "हळू रे पोट्टेहो, टिनं उडून जातीन वरचे!" माझं कोण ऐकतंय!

हा खेळ पंचफुलाबाईंचा. आमच्या वरूडकडच्या बागांत गळून पडलेल्या बारक्या संत्र्यांना कुणी विचारत नाही. बाई ती टोपलीभर वेचून आणायच्या, सतरंजीवर ओळीनं मांडायच्या आणि मोजता मोजता मध्येच मुद्दाम चुकायच्या. जो चूक पकडेल, त्याचं ते संत्रं. चूक पकडली गेली की बाई कपाळावर फाडकन हात मारायच्या, "अरे बाप्पा! म्हातारीले येतच नाई!" की पुन्हा हशा. सुरुवातीला मला हे मुळीच पटलं नव्हतं. सेविकेचं पोरांनी असं हसं करायचं म्हणजे काय? मी तसं तोंडावर बोललेही होते. बाई म्हणाल्या, "जयवंता, लेकराले मोठ्या माणसाची चूक सापडली ना, का तो आकडा जल्मभर त्याचा. पुस्तकातला आकडा पुस्तकातच राह्यते."

मी मदतनीस. खिचडी शिजवणं, झाडलोट आणि नाकं पुसणं ही माझी कामं. पण इतकी वर्षं चुलीजवळून ऐकून ऐकून बाईंचं शिकवणं मला पाठ झालं होतं. नवं पोर आलं की बाई त्याला आकडे म्हणायला लावायच्याच नाहीत. त्याचं बोट आपल्या हातात धरायचं, एका संत्र्यावर टेकवायचं, मग दुसऱ्यावर. "पह्यले बोट पुढं, मंग आकडा पुढं. घाई नाई करायची." दिवाळीनंतर आलेल्या जुईलीचं बोट तर त्यांनी पंधरा दिवस सोडलं नव्हतं. ती पोरगी बोलायचीच नाही. आई संत्रातोडणीला जाताना दारात सोडून जायची आणि ही भिंतीला टेकून बसायची, अगदी मुकी. आता कुठे खेळात ओठ हलायला लागले होते तिचे.

तर त्या दिवशी पोरं नाचली, पण कपाळावर हात मारल्याचा आवाज काही आला नाही. मी पळी हातात घेऊन दारात आले. बाई नववं म्हटलेलं संत्रं हातात धरून उभ्या होत्या आणि पोरांकडे बघत होत्या. ही पोरं का हसून राहिली, हे कुणीतरी सांगावं असा चेहरा.

पोरं गेल्यावर मी गमतीनं म्हटलं, "आज नाटक विसरल्या वाटते बाई!"

बाई टोपलीत संत्री भरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "नाटक केलंच नोतं म्या. मले वाटलं सातानंतर नऊच येते."

मी हातातला झाडू बाजूला ठेवला.

"परवा आपली गल्ली सोडून पुढं गेली होती मी," बाई म्हणाल्या. "मारुतीच्या पारावर जाऊन बसली, तवा ध्यानात आलं. कोणाले सांगू नोको जयवंता. जूनमध्ये ही लेकरं शाळेत गेली का मंग बसणंच आहे घरी."

"दवाखान्यात तरी दाखवा."

"दाखवलं का घरी बसवतीन. घरी बसून काय मोजू वो? भिंतीवरच्या पाली?"

बाईंचे मालक धर्मपालभाऊ गेल्यापासून त्या एकट्याच राहत. मुलगा धर्मेंद्र अमरावतीला. त्या घरात खरंच मोजण्यासारखं काही नव्हतं. मी टोपली उचलून आत ठेवली.

त्यानंतर दोनच दिवसांनी ते झालं.

सुट्टी होताना बाई दारात उभ्या राहायच्या. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पोराच्या डोक्यावर हात ठेवून मनातल्या मनात मोजायच्या. मोजदाद पुरी झाली की दाराला कुलूप. मी तेव्हा हापशीवर भांडी घासत असते. त्या दिवशी बारा पोरं आली होती. मी भांडी घेऊन आले तर कुलूप लागलेलं, बाई गेलेल्या. मीही घरी गेले.

उन्हं कलताना शालू, जुईलीची आई, धापा टाकत माझ्या दारात. "जुईली कुठी आहे वो? घरी नाई, शेजारी नाई."

मी तशीच बाहेर पडले. आमच्या गावाला लागून बागा आणि बागेगणिक विहीर. माणसं विहिरींकडे पळाली. कुणी नाल्याकडे गेलं. हाका मारून मारून शालूचा आवाज घोगरा झाला. बाईही आल्या, पायात चप्पल नाही.

"बाई, मोजले होते ना लेकरं?" मी विचारलं.

"हाव ना! बारा. पक्के बारा मोजले."

त्या इतक्या ठामपणे म्हणाल्या की क्षणभर मला बरंच वाटलं. आणि मग आठवलं. सात... नऊ. आठ गाळलं तर अकरा डोक्यांतच बारा भरतात!

मी त्यांच्या हातातली किल्ली हिसकावली आणि अंगणवाडीकडे धावत सुटले. शालू माझ्या मागे. कुलूप उघडलं तर गुंडाळलेल्या सतरंज्यांच्या मागे जुईली. रडून रडून आवाज गेलेला, नुसते हुंदके. झोप लागली असेल तिला तिथे, जाग आली तेव्हा दार बंद. शालूनं तिला उराशी धरलं. बाई मागून दारात येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा पोरगी आईच्या खांद्यावरून त्यांच्याकडे बघत म्हणाली, "बाईनं मले मोजलंच नाई."

शालू भांडली असती, चार शिव्या दिल्या असत्या, तर परवडलं असतं. ती एवढंच म्हणाली, "तुमच्या भरवशावर टाकून जातो आमी लेकरू." आणि निघून गेली.

गावाच्या तोंडाला कोण हात लावणार! पारावर लगेच सुरू झालं, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, आणि असलंच काहीबाही. ज्यांना बाईंनी बोट धरून आकडे शिकवले, तेच बोलत होते. माझा असा संताप झाला! पण भांडू कशावर? लेकरू कोंडलं गेलं होतं, हे तर खरंच होतं.

संध्याकाळी बाईंनी मला धर्मेंद्रचा फोन लावून द्यायला सांगितलं. स्वतःच बोलल्या. "ये, घेऊन जाय मले. दाखव कुठी दाखवायचं ते." त्या दिवसापासून कुलूप मी लावायला लागले.

बाई अमरावतीहून दाखवून आल्यावर मी त्यांना भेटायला गेले. बाई ओसरीवर बसल्या होत्या. मी विचारायच्या आत बोलायला लागल्या. "डॉक्टर लय चांगला होता वो. पोरगाच होता, आपल्या धर्मेंद्रएवढा. म्हणे, आजी, शंभरातून सात काढा. मंग त्यातून अजून सात. म्या काढले. चुकले असतीन. म्या वाट पाह्यली का आता हा हासंन, आता म्हणंन, बाई चुकली. कपाळावर हातसुद्धा मारून पाह्यला म्या." त्यांनी पुन्हा कपाळाला हात लावून दाखवला. "हासला नाई तो. गुपचूप लिहून घेतलं त्यानं."

मला रडू आवरेना. बाईंनीच माझ्या पाठीवर हात फिरवला. कोणाचं सांत्वन कोण करत होतं, देव जाणे.

पुढच्या सोमवारी त्या अंगणवाडीची दुसरी किल्ली द्यायला आल्या. त्यांना अमरावतीला न्यायला धर्मेंद्र बाहेर ऑटोत सामान घेऊन थांबला होता. "जयभीम काकू, पाच मिनिटं," दारात येऊन मला हळूच म्हणाला, "तिले जास्त बसू देऊ नका. घाबरते मंग."

जुईली त्या दिवशी पहिल्यांदाच परत आली होती. शालू बिचारी तरी काय करेल, तोडणीचे दिवस, पोरीला ठेवणार कुठे? पोरगी भिंतीला टेकून बसली होती, पुन्हा पहिल्यासारखी मुकी.

बाईंनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि वळल्या. तेवढ्यात ईशान उठला. "बाई आल्या! बाई, चुका ना!"

"चुका ना बाई! चुका ना!" सगळी पोरं. कुणीतरी टोपलीही ओढत आणली. मी दटावणार होते. पण बाई सतरंजीवर बसल्याच. संत्री ओळीनं मांडली. पोरं टाळ्यांसाठी हात उघडून तयार.

"एक," बाई म्हणाल्या. "दोन. तीन. चार."

आणि गप्प झाल्या.

पोरं वाट बघत राहिली. ईशानचं तोंड उघडं ते उघडंच. चूक पकडायची तर बाईंनी काहीतरी म्हणायला हवं ना! बाई चौथ्या संत्र्यावर बोट ठेवून बसल्या होत्या आणि पुढे काहीच येत नव्हतं. कपाळावर हात मारायचंही त्यांना सुचलं नाही. 

भिंतीपासून जुईली उठली. बाईंच्या समोर येऊन उकिडवी बसली. हसली नाही, ओरडली नाही. तिनं बाईंचं बोट आपल्या चिमुकल्या मुठीत धरलं, उचललं आणि पुढच्या संत्र्यावर टेकवलं.

"पाच," ती म्हणाली.

"पाच," बाई म्हणाल्या.

बाहेर धर्मेंद्र हाक मारत होता. आत खिचडी तळाला लागून करपल्याचा वास सुटला होता. मी जागची हलले नाही. ओळ संपेपर्यंत जुईलीनं ते बोट सोडलं नाही.