ऊन दाखवा

लातूरच्या घराला अंगण होतं तोवर हुसेनबीकडं वांग्याची चार झाडं कायम असायची. पांढरी, काटेरी, माहेरच्या गावची वांगी. भूकंपात ते गाव बसलं, तेव्हा तिच्या धाकट्या भावानं, जिलानीनं, पडक्या चुलीमागून राखेत कालवलेलं बी तेवढं हुडकून आणलं होतं. पुढं क्लासच्या पोरींसाठी अंगणात सिमेंटच्या चार खोल्या उभ्या राहिल्या आणि झाडं गेली. डब्यात उरलं ते तीन वर्षांपूर्वीचं, शेवटचं बी.

"द्या माझ्याकडं, खाला," पंचशीला म्हणाली, तीही जरा ऐटीतच. ती वनस्पतिशास्त्राची पदवीधर, क्लासमध्ये पोरींच्या शंका सोडवायची आणि त्याच खोल्यांपैकी एकीत भाड्यानं राहायची. चाळीस बिया पेरल्या, तेरा उगवल्या. बंद खोलीत ट्यूबलाइटखाली पाच आठवड्यांत रोपं वीतभर झाली. शुक्रवारी जिलानीमामू निलंग्याहून येऊन ती शेतात लावायला नेणार होते.

त्याआधी रोपांना बाहेरची सवय लावायची होती. पहिल्या दिवशी तासभर कोवळं ऊन, दुसऱ्या दिवशी दीड तास, मग दोन, पाणी थोडं कमी. असं चढवत न्यायचं. पंचशीलानं वहीत तक्ताच आखला होता. सोमवारी, तिसऱ्याच दिवशी, क्लासमधून जादा परीक्षेचे पेपर तपासायला यायचा निरोप आला. जिना उतरता उतरता ती ओरडली, "खाला, रोपांना ऊन दाखवा हां!"

हुसेनबीनं दाखवलं. तिच्या घरात तूरडाळीला ऊन दाखवतात, गाद्यांना दाखवतात, ते सकाळपासून सांजेपर्यंत. तिनं रोपांचा ट्रे गच्चीच्या मधोमध ठेवला आणि पाण्याच्या टाकीची सावली आली तसा दोनदा सरकवलाही. ऊन ऑक्टोबरचं.

पाच वाजता पंचशीला आली, तेव्हा पानं कागदासारखी पांढरी पडली होती.

"या अल्ला, माझ्याच हातानं जाळली गं मी." हुसेनबी ट्रेजवळ बसून होती. "तू टाइम सांगितला असशील. माझेच कान गेले."

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पंचशीलाच्या तोंडून दुसरंच आलं. "असू द्या, खाला. होतं असं."

वर माफ केल्यासारखं! मंगळवारी हुसेनबी दूधवाल्याला म्हणाली, जरा मोठ्यानं बोल. बुधवारी तिनं शेजारणीला कानाच्या डॉक्टरचा पत्ता विचारला. पंचशीला ते ऐकायची, गच्चीवर जायची आणि सावलीत ठेवलेली रोपं पुन्हा मोजायची. तेरातली दोन तग धरून होती. पानाच्या बेचक्यात मोहरीएवढा हिरवा ठिपका होता.

शुक्रवारी जिलानीमामू ओलं गोणपाट घेऊन आले. ट्रे बघून उभेच राहिले. "कुणी केलं हे?"

"मी," हुसेनबी म्हणाली. "बहिरी झाले मी, जिलानी. उद्या कान दाखवायला चालले."

"कान ठीक हायेत त्यांचे." पंचशीलाचा आवाज नको इतका मोठा निघाला. "मी टाइम सांगितलाच न्हाई, मामू. 'ऊन दाखवा' एवढंच म्हणाले. तक्ता माझ्याच वहीत होता."

हुसेनबीनं तिच्याकडं बघितलं. "अन् मला चार दिवस बहिरी करून ठेवलीस?"

पंचशीला ट्रेमधली वाळकी पानं वेचू लागली.

"दुसऱ्यांचे पेपर तपासायली," मामू म्हणाले, "अन् स्वतःचा कोराच ठेवला की हिनं!" दोन रोपं त्यांनी निरखली, गोणपाटाची घडी घातली. "आज न्हाई नेत. आठ दिवसांनी येतो, आपा."

दुसऱ्या दिवशी सकाळी हुसेनबीनं ट्रे तिच्या हातात दिला, वर एक पाट दिला. "दाखव ऊन. अन् तिथून उठायचं न्हाई."

पंचशीला गच्चीवर बसली. नजर घड्याळावर, घड्याळावरून रोपांवर. काटा फिरून आला तेव्हा ती अगदी हळू, जवळजवळ स्वतःशीच म्हणाली, "झाला एक तास."

जिन्याखालून लगेच आवाज आला, "आलं ऐकू."