सहा मैल खालचे पाहुणे

रामाजीनं पहिल्या बाटलीचं बूच उपटलं आणि स्पिरिटच्या वासानं त्याचे डोळे चुरचुरले. धोतराच्या सोग्यानं ते टिपून त्यानं आतला जीव चिमट्यानं हळूच वर घेतला. बोटभर लांब, पांढुरका, काचेसारखा आरपार. पोटातलं आतडं बाहेरून दिसत होतं. त्याच्या अंगाला पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी कच्च्या सुतानं बांधलेली होती. गाठ बघून रामाजीला हसूच आलं. कोष्ट्याचं पोर आणि ही गाठ! ओढायचीही गरज नाही, फुंकरीनं सुटावी.

पोर म्हणजे गिरिधर, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा. आई कधीच गेली होती. इतवारीमागच्या दोन खोल्यांत बाप, लेक आणि एक माग, एवढाच संसार. मद्रासला वर्षभर शिकून आल्यापासून पोराला समुद्राचं जे खूळ लागलं, ते काही सुटलं नाही. नागपुरात राहून समुद्राचं खूळ! लोक हसायचे. पण दोन वर्षांमागं एका परदेशी जहाजानं समुद्राच्या सगळ्यात खोल गर्तेत जाळं सोडून काही जीव वर काढले, त्यांतले सात मद्रासच्या प्रोफेसरसाहेबांच्या हाती आले, आणि त्यांनी ते गिरिधरकडे तीन महिन्यांसाठी दिले, तेव्हा हसणारे गप्प झाले. समुद्रकाकडीच्या जातीचे जीव. कापायचे नाहीत, कातडीतून दिसतील तशी आतल्या अवयवांची चित्रं काढायची आणि या शनिवारच्या गाडीनं स्वतः नेऊन द्यायची. काम पसंत पडलं तर तिथल्या प्रयोगशाळेत कायमची जागा. चार जिवांची चित्रं झाली होती, तीन राहिले होते.

किती खोल म्हणून रामाजीनं एकदा विचारलं होतं. सहा मैल, गिरिधर म्हणाला. म्हणजे घरापासून कामठीच्या रस्त्यानं अर्ध्याच्याही पुढं, पण सरळ खाली. उजेड नाही, ऊब नाही, आणि डोक्यावर एवढ्या पाण्याचा भार. तरी जगतात बिचारे. त्या दिवशी रामाजीला जेवण गोड लागलं नव्हतं.

मागच्या आठवड्यात दोन चिठ्ठ्या सुटून बाटल्यांच्या तळाशी पडल्या, तेव्हा गिरिधरचा चेहरा पांढराफटक पडला होता. जीव बाहेर काढताना चिठ्ठी हरवली की तो कुठला, किती खोलचा, काही कळत नाही. मग त्याची किंमत शून्य. म्हणून आज, पोरगा परीक्षेच्या कामानं दोन दिवस अमरावतीला गेल्यावर, रामाजीनं लुगड्याच्या काठाचं लाल रेशीम काढलं. त्याचा स्वतःचा रंग. रिठ्यानं धुवा, उकळा, गच्चीवर उन्हात महिनाभर टाका, हटणार नाही. चाळीस वर्षांत एका गिऱ्हाइकानं तक्रार केली नव्हती. तान्ह्या पोराला करदोडा बांधावा तसं त्यानं सातही जिवांच्या कमरेला रेशीम बांधलं, मागावरची गाठ मारली, चिठ्ठ्या घट्ट केल्या, बुचं लावली, आणि उजेड लागू नये म्हणून बाटल्या होत्या तशा फडक्याखाली कपाटात ठेवून दिल्या. दिवसभर तो मोठ्या खुशीत होता.

गुरुवारी सकाळी गिरिधर आला. चूळ भरून थेट कपाटाकडे गेला. रामाजी दाराशी उभा होता, गाठी बघून पोरगा काय म्हणतो ते ऐकायला.

फडकं निघालं. सातही बाटल्यांतलं स्पिरिट लालेलाल झालं होतं, आणि आतले जीव आतबाहेर रंगून गेले होते. आतडं नाही, कातडी नाही, सगळं एकच लाल.

पाण्यानं न हटणारा रंग स्पिरिटनं हटतो, हे रामाजीला कोण सांगणार? पण आपला लाल त्यानं कुठंही ओळखला असता.  

गिरिधरनं एक बाटली उजेडाला धरून पाहिली, परत ठेवली. मग वळला.

"गाठी तुम्ही बांधल्या, बाबा?"

"हो."

"मस्त बांधल्या."

"अन् हा रंग?"

"ह्यांचाच आहे," गिरिधर म्हणाला. "खोल पाण्यातले जीव आहेत. काही दिवसांनी सोडतात रंग. होतेच असं."

रामाजीनं मान हलवली. "असन बा," म्हणाला आणि परसात जाऊन उगाच हातपाय धूत बसला. पोरगा आपल्यासाठी खोटं बोलला, आणि आपण ते घशाखाली घातलं. खरं बोलायची हिंमत झाली नाही, याचीच त्याला लाज वाटली, आणि ती लाज दोन दिवस त्याला खात राहिली. दोघं ताटावर बसायचे, वरणभात कालवायचे आणि उठायचे. त्या दोन दिवसांत माग एकदाही वाजला नाही.

शनिवारी गिरिधर कॉलेजातून परतला, तर बाप अंगणात तयार उभा. काळा कोट, टोपी, हातात पिशवी. दाराशी टांगा.

"बाटल्या काढ," रामाजी म्हणाला. "मीबी येतो मद्रासले. साहेबाले माह्या तोंडानं सांगतो."

"काय सांगता?"

"का रंग ह्यांचा नाही, माहा आहे. पोराचा कसूर नाही."

गिरिधर ओट्यावर टेकला. "बाटल्या कालच पार्सलनं गेल्या, बाबा. साहेबांना पत्रही गेलं."

"काय लिहिलं?"

"का धागा मी बांधला. माझ्या हातून खराब झाले म्हणून."

रामाजीच्या हातातली पिशवी खाली आली. "अन् तुही जागा?"

 टांगेवाल्याला गिरिधरनं हातानंच जायला सांगितलं.

"मले काहून सांगितलं नाही गा?" रामाजीचा आवाज फाटला. "त्या लालमंदी हात घालून चाळीस वर्षं झाली. मले का समजलं नसन?"

"समजलं असतं तर तुम्ही पुन्हा मागावर बसले नसते."

बोलून गेल्यावर गिरिधरचं लक्ष आतल्या खोलीकडे गेलं. मागावर धूळ बसली होती. मग तो उठला, बापापुढं उभा राहिला आणि त्याच्या कोटाची बटणं एकेक करून सोडवू लागला. सगळी सुटली तरी रामाजीनं बाहीतून हात काढले नाहीत. स्टेशनाकडून मद्रासच्या गाडीची शिटी ऐकू आली, तेव्हाही तो तसाच उभा होता.