जपाच्या वहीतली एकेचाळीस नावं

निघोजेतल्या आमच्या खोलीत कुलूप लागेल असं कपाट नाही, आणि कंपनीत लॉकरची झडती होते. म्हणून ह्यांनी, म्हणजे नवनाथांनी, युनियनच्या सभासदांची यादी मला माझ्या नामजपाच्या वहीत उतरून ठेवायला सांगितली. जपाच्या वहीला कोण हात लावणार? शेवटच्या दोन पानांवर मी एकेचाळीस नावं लिहिली. खाली ह्यांनी सांगितलेले आकडे. स्वीडन, शंभर कामगारांत सत्तरच्या आसपास सभासद. आपली कंपनी, चारशेत एकेचाळीस.

मूळ कंपनी स्वीडनची. तिकडच्या युनियनच्या एक बाई शुक्रवारी तीन वाजता व्हिडिओवर हे दोन आकडे शेजारी मांडणार होत्या. वकिलांच्या म्हणण्याप्रमाणे नोंदणीला चाळीस जण तरी लागत होते. अर्ज सोमवारी जायचा होता. तोवर नावं फुटली तर काहीतरी कारण काढून एकेकाला घरी बसवतील, ही सगळ्यांना धास्ती.

गुरुवारी माझा जप पूर्ण झाला. भरलेली वही देवळात द्यायची आमच्याकडे रीत आहे. शुक्रवारी आरती झाल्यावर मी ती देऊनही आले. साडेदहाला ह्यांचा फोन आला. सुट्टी टाकून हे चाकणला वकिलांकडे गेले होते. यादीचा फोटो पाठव म्हणाले, तेव्हा कुठं लक्षात आलं. तशीच देवळाकडे निघाले.

देवळात वह्या उद्धवराव घेतात. विश्वस्त आहेत, आणि ह्यांच्याच कंपनीत कंत्राटी माणसं पुरवतात. जपाचा आकडा लिहायला प्रत्येक वहीचं शेवटचं पान ते स्वतः उघडतात.

मी पोचले तेव्हा सतरंजीवर बसून ते शिक्के मारत होते. थोडा जप राहिलाय असं सांगायचं वाटेत ठरवलं होतं, पण गाभाऱ्यासमोर ते तोंडातून येईना. वही परत हवी होती, एवढंच म्हणाले. त्यांनी गठ्ठ्यातून ती काढली. शिक्का अजून पडला नव्हता.

"वहिनी, अक्षर फार सुरेख आहे हो तुमचं," म्हणाले आणि दोन्ही हातांनी वही दिली.

कुठल्या पानावरचं, हे मला विचारता आलं नाही.

घरी येऊन ह्यांना फोनवर सगळं सांगितलं. हे म्हणाले, कुणाला बोलू नकोस, त्यांनी पाहिलंही नसेल. मला ते पटेना. माणसं दुसऱ्या पाळीला निघायची होती. आपलं नाव कुणाच्या नजरेखालून गेलं असेल, हे त्यांना कळायला नको? मी यादीवरून एकेकाच्या घरी फोन लावत बसले.

किसनच्या बायकोनं, आम्रपालीनं, शांतपणे ऐकून घेतलं. "ताई, तिकडं स्वीडनला याद्या देवळात ठेवतात का हो?" असं विचारून हसली. नाव मात्र राहू द्या म्हणाली. सयाजीभाऊ म्हणाले, लेकीचं लग्न ठरलंय, तेवढं होईपर्यंत मला काढा. गणराजची आई, अंबूबाई, आधी नुसती रडली.

"पुसून टाक बाई त्याचं नाव. मला काय बी इचारू नको."

मी दोन नावांवर रेघ मारली.

पावणेतीनला ह्यांनी परत फोन करून विचारलं, किती धरू. मी पुन्हा मोजून सांगितलं, एकोणचाळीस.

"एकेचाळीसच सांगतो. त्या बाई काय मोजायला येणारेत?"

"सोमवारी अर्जावर सह्या तेवढ्याच होतील," मी म्हणाले.

"आणि उद्धवरावांनी पान उघडलंच नसेल तर? दोन माणसं आपणच घालवली, स्वरूपा."

फोन चालूच राहिला. पलीकडे व्हिडिओवर बाईंचा आवाज आला, कुणीतरी खुर्ची ओढली. मग ह्यांचा आवाज ऐकू आला. "थर्टी नाईन."

बाईंनी तो आकडा परत विचारला.